गाडीचाही उतारा असतो

माझे मामा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतात. लहानपणी सुटीत मी तेथे जाई तेव्हा मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे नंबरी पंचांची पेटी. आत पोलादी ठसे असत, शून्यापासून आठपर्यंत. नवाचा ठसा वेगळा नसतो. सहाचाच उलटा धरायचा. तयार नगावर ठसा उभा धरून हातोडीचा एकच घाव घालायचा, की आकडा उमटला. पण दोन कारागिरांनी मारलेला एकच आकडा कधी सारखा दिसत नाही. एकाचा सात डावीकडे कलतो, दुसऱ्याचा खोल जातो. मामा नुसता आकडा पाहून सांगत की हा नग कोणाच्या हातचा.

याच मामांकडे एक जुनी फियाट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. ती कोल्हापूरहून विकत आणली होती. राज्य बदलले म्हणून पाटीवरचा नंबर बदलला. तेव्हा आर.टी.ओ.च्या अर्जासोबत जोडण्यासाठी चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती. पाटी बदलते, रंग बदलतो, मालक बदलतो. तो ठोकलेला नंबर तेवढा राहतो, हे मला तेव्हा कळले.

गेल्या वर्षी मी जुन्या इटालियन ग्रँड टूरिंग गाड्यांविषयी वाचू लागलो, ते या नंबरामुळेच. त्यांतली एकही गाडी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही आणि पाहण्याचा योग येईल असे वाटत नाही. वेगाचे आकर्षण मला थोडेफार आहे, नाही असे नाही. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न निराळा होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील माँटेरे येथे फेरारी २५० जीटीओ जातीची एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लक्ष डॉलरना गेली. म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वातीनशे कोटी रुपयांहून अधिक! तशीच हुबेहूब दिसणारी नक्कल त्याच्या अत्यल्प अंशात मिळते. मग घेणाऱ्याने बाकीची रक्कम कशासाठी मोजली?

उत्तर देण्यापूर्वी या गाड्यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. इटालियन भाषेत 'ग्रान तुरिस्मो' म्हणजे लांबचा प्रवास. दोन माणसे, त्यांच्या बॅगा, आणि दिवसभर घाट चढूनही न दमणारे इंजिन, अशी ही गाडी. १९५१ साली निघालेली लान्चिया ऑरेलिया बी-२० ही या घराण्याची मूळपुरुष, असे अनेक जाणकार मानतात. पुढे फेरारी, मासेराती आणि ट्रॅक्टरच्या धंद्यातून या व्यवसायात उतरलेले लाम्बोर्गिनी यांनी हे घराणे नावारूपास आणले. यातली गंमत अशी की कारखाना बहुधा चेसिस आणि इंजिन तयार करी, आणि वरचा देह घडवण्याचे काम दुसऱ्यांकडे जाई. तूरिनला पिनिनफारिना व बेर्तोने, मिलानला त्सागातो व तूरिंग, मोडेनाला स्कालियेत्ती. तेथे पत्रा हातोडीने ठोकून आकाराला आणीत. एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांच्या दिव्यांत नाहीतर दारांत बोटभर फरक निघे.

आता कागद. कारखान्यात प्रत्येक गाडीचा जुळणी-तक्ता ठेवला जाई. त्यावर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, गिअरबॉक्स व मागचा आस यांचे क्रमांक नोंदलेले असत. त्या काळच्या फेरारीच्या जीटी गाडीत चेसिसवर आणि इंजिनावर एकच क्रमांक असे, आणि इंजिनाला शिवाय आपला एक अंतर्गत क्रमांक असे. प्रवासी गाड्यांना विषम संख्या आणि खास शर्यतीच्या गाड्यांना सम, असाही रिवाज होता. गाडी कारखान्याबाहेर पडली की सरकारी दप्तर सुरू होई. इटलीत १९२७ पासून मोटारींच्या मालकीची सार्वजनिक नोंदवही आहे. तिचा कालक्रमाने काढलेला उतारा मिळतो: अमक्या तारखेस अमक्याने घेतली, तमक्यास विकली. १९९४ पर्यंत पाटीवर प्रांताची अक्षरे असत आणि गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की पाटी बदले. आमच्या फियाटचे कोल्हापूर-बेळगाव झाले, अगदी तसेच! म्हणून जुन्या छायाचित्रात नुसती पाटी दिसली, तरी गाडी त्या वर्षी कोठे होती हे कळते.

ज्यांनी हिशेबतपासणीचा पेपर दिला आहे त्यांना हे परिचित वाटेल. मागील वर्षाची अखेरची शिल्लक तीच यंदाची आरंभीची शिल्लक असली पाहिजे. तसेच मागचा विकणारा तोच त्याआधीचा घेणारा असला पाहिजे. मध्ये एक दुवा निखळला, की सारी खातेवही संशयास्पद ठरते.

वर सांगितलेली गाडी चेसिस क्रमांक ३४१३ ची. २५० जीटीओ जातीच्या १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ गाड्या झाल्या. ३४१३ ही १९६२ ची. पण १९६४ मध्ये स्कालियेत्तीने तिचा देह उतरवून नव्या घाटाचा देह चढवला. म्हणजे आज दिसतो तो पत्रा जन्माचा नव्हे. तरी गाडी तीच. कारण तो बदल त्याच काळात, त्याच कारागिराकडे झाला आणि त्याची नोंद आहे. हाच बदल चाळीस वर्षांनंतर कोणी गुपचूप केला असता तर तो दोष ठरला असता.

कागद जेथे संपतो तेथे काय करावे, याचे मला अतिशय आवडलेले उदाहरण लाम्बोर्गिनी मिउराचे. १९६९ च्या 'द इटालियन जॉब' या इंग्रजी चित्रपटाच्या आरंभी नारिंगी मिउरा आल्प्सच्या घाटातून धावते, बोगद्यात शिरते आणि तिचा चुराडा होतो. प्रत्यक्षात गाड्या दोन होत्या. दरीत ढकललेली आधीच अपघातात मोडलेली होती. धावणारी मात्र धडधाकट होती, एका गिऱ्हाइकासाठी तयार झालेली. चित्रीकरण आटोपल्यावर ती कारखान्यात परतली आणि रीतसर विकली गेली. ती कोणती, हा वाद पुढे पन्नास वर्षे चालला. २०१९ मध्ये कारखान्याच्या इतिहास विभागाने तिचा चेसिस क्रमांक ३५८६ असल्याचा दाखला दिला. त्यासाठी जुनी दप्तरे तपासली आणि जुन्या नोकरांच्या आठवणी विचारल्या. त्यांत चित्रीकरणासाठी गाडी नेणाऱ्या माणसाने सांगितले की, त्या गाडीच्या बैठका पांढऱ्या चामड्याच्या होत्या. त्या खराब होऊ नयेत आणि मोडलेल्या गाडीशी मेळ बसावा म्हणून ऐन वेळी काळ्या बसवल्या. पण डोके टेकायच्या गाद्या वेळेत निघेनात, त्या पांढऱ्याच राहिल्या. आणि चित्रपटात पाहावे तर काळ्या बैठकांवर पांढऱ्या गाद्या! लाखो प्रेक्षकांसमोर पुरावा पन्नास वर्षे पडून होता.

सगळ्याच कथा अशा गोड नाहीत. एके काळी या गाड्या नुसत्या जुन्या आणि खर्चिक होत्या. इंजिन थकले की मिळेल ते दुसरे बसवीत आणि मूळचे कोठल्या तरी कोपऱ्यात गंजत पडे. पुढे भाव चढले, तेव्हा एका क्रमांकाचे इंजिन एकाकडे आणि सांगाडा दुसऱ्याकडे, अशी भाऊबंदकी सुरू झाली. फेरारी ३७५ प्लस, क्रमांक ०३८४ (सम संख्या, म्हणजे ही शर्यतीची) ओहायोतील एका गृहस्थाच्या आवारात मोडक्या स्थितीत होती. ती १९८० च्या दशकात तेथून चोरीस गेली आणि बेल्जियमला पोहोचली. तेथे जाक स्वातेर्स या नामांकित संघमालकाने ती घेऊन दुरुस्त केली. काही सुटे भाग मात्र ओहायोतच होते. एका गाडीवर दोन कुटुंबांचा हक्क! शेवटी दोघांत तडजोड होऊन २०१४ मध्ये गुडवुडच्या लिलावात ती १ कोटी ७ लक्ष पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. तरी भांडण मिटले नाहीच, लंडनच्या न्यायालयात नवे दावे उभे राहिले. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालवणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये.

खोटा क्रमांक ठोकणारेही असतातच. त्यांना पकडण्याची रीत मला मामांच्या पेटीजवळ घेऊन आली. जाणकार प्रथम आकड्यांचे वळण पाहतात. कारखान्याच्या ठशांतील तीन कसा होता, चार उघडा की बंद, हे त्यांना पाठ असते. शंका आली तर धातूवर आम्ल लावतात. घाव बसतो तेथे आकड्याखालचा धातूही दाबला जाऊन कठीण होतो. वरचा आकडा घासून काढला तरी तो दाब खाली उरतो. आम्लाची क्रिया तेथे वेगळी होते आणि पुसलेला आकडा पुन्हा पुसट दिसू लागतो.

हे मामांना सांगितले तेव्हा ते हसले, म्हणाले, "अरे, घाव कधी पुसत नाही." मग मी त्यांच्याकडून विकलेल्या फियाटच्या आर.सी. बुकाची झेरॉक्स मागून घेतली. चेसिस नंबर पेन्सिलच्या छापाशी बरोबर जुळला. इंजिन नंबर मात्र खोडून शेजारी दुसरा लिहिलेला, वर शिक्का. विचारले तर म्हणाले, कोल्हापूरच्या मालकाने डिझेल इंजिन बसवले होते. मूळचे कोठे गेले ते त्यांनी विचारले नव्हते. त्या मालकाचा पत्ता आर.सी. बुकात आहे. दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला जाईन म्हणतो.