नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

नोटपॅड कुणी मुद्दाम इन्स्टॉल केल्याचं ऐकिवात नाही. १९८५ च्या पहिल्या विंडोजबरोबर तो आला आणि घरच्या पाटा-वरवंट्यासारखा राहिला. विंडोज ९८ वर मात्र जरा मोठी फाइल दिली की तो हात वर करायचा: फाइल फार मोठी आहे, वर्डपॅडमध्ये उघडू का? दुसरा एडिटर शोधायची वेळ माझ्यावर त्या प्रश्नामुळे आली.

विंडोजवर ते काम दिसायला सोपं होतं. सायबर कॅफेत सेटअपची फाइल उतरवायची, घरी आणून डबल क्लिक करायचं. ‘आय ॲग्री’, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. तो करार मी आजवर एकदाही वाचलेला नाही. तुम्हीही वाचला नसेल. २००३ मध्ये आलेला नोटपॅड प्लस प्लस मी असाच बसवला आणि वर्षानुवर्षं वापरला. पण एकदा भलत्याच साइटवरून सेटअप घेतला. त्यात आधीच टिक करून ठेवलेला एक चौकोन नजरेतून सुटला आणि वऱ्हाडात न बोलावलेले पाहुणे घुसावेत तसा एडिटरबरोबर ब्राउझरचा टूलबारही घरात आला. त्याला घालवायला अख्खा रविवार गेला.

लिनक्सशी पहिली गाठ पडली ती मासिकाबरोबर आलेल्या सीडीमुळे. घरी इंटरनेट नव्हतं. आरपीएम फाइल बसवायला जावं तर ती एक लायब्ररी मागायची, ती लायब्ररी दुसरी मागायची, आणि दुसरी तिसऱ्या सीडीवर. रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला हवा आणि दाखल्यासाठी रेशनकार्ड, तसला प्रकार. दोन वेळा मी नाद सोडला.

डेबियन या लिनक्सच्या एका अवताराने यावरचा तोडगा १९९९ मध्येच ‘ॲप्ट’ नावाने दिला होता. माझ्यापर्यंत तो उबंटू या दुसऱ्या अवताराच्या हातून, घरी ब्रॉडबँड आल्यावर पोचला. व्हिम हा एडिटर हवा होता; ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल व्हिम’ एवढं लिहिलं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकाही उमटेना, तेव्हा कीबोर्ड बिघडला असंच वाटलं. मग यादी आली: अमुक पॅकेजेस येतील, इतकी जागा लागेल, पुढे जाऊ? ‘वाय’ दाबलं आणि झालं. कुठली साइट नाही, करार नाही. व्हिम नुसता उघडला की त्याच्या पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचं आवाहन दिसतं. व्हिमचे कर्ते ब्राम मूलेनार २०२३ मध्ये गेले; ते आवाहन त्यांचंच.

खरा फरक मला तो व्हिम बसवताना कळला. विंडोजवर एडिटर कुठून आणायचा, खरा की खोटा, नवी आवृत्ती कधी घ्यायची, हे सगळं माझ्या गळ्यात होतं. लिनक्सवर एकच सामायिक कोठार. नाव सांगायचं, माल पारखून मिळतो आणि अद्ययावतही तिथूनच होतो. जुनी आवृत्ती पदरात पडते ही तक्रार खरी, पण मला ती कधी फारशी जाचली नाही.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक हिशेब होता. एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी म्हणून रिजनल सेटिंगमध्ये टिक करून मूळ सीडी घालावी लागे. नोटपॅड तर २०१९ पर्यंत आपणहून फाइल एएनएसआय या देवनागरी न मावणाऱ्या जुन्या अक्षरसंचातच ठेवायचा. मराठी मजकूर असला की इशारा द्यायचा. तो न वाचता ओके दाबलं की काना-मात्रेसकट सगळ्याची प्रश्नचिन्हं. लिनक्सवर देवनागरी सांभाळणारं यूटीएफ-८ आधीच रुळलं होतं आणि लोहित फाँट त्याच कोठारातून यायचे. लिनक्सवरची फाइल नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसायची, ते दुखणं २०१८ मध्ये बरं झालं.

पुढे उलटच झालं. लिनक्सवर त्या कोठाराखेरीज आणखी वाटा निघाल्या: स्नॅप आला, फ्लॅटपॅक आला. आज व्हीएस कोड डेब फाइलने घ्यावा, स्नॅपने की फ्लॅटपॅकने, यावर नवखा माणूस अडतो. माझं मत विचाराल तर लिनक्सने स्वतःची सोय स्वतःच गढूळ केली. आणि विंडोजवर २०२१ मध्ये विंगेटची पहिली पक्की आवृत्ती आली: काळ्या खिडकीत नाव लिहा, एडिटर घ्या. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने टर्मिनलमध्ये चालणारा ‘एडिट’ मुक्तस्रोत केला. तो लिनक्सवरही चालतो.

तेव्हा विंडोजवाल्यांनो, पुढचा एडिटर घेताना ब्राउझर उघडू नका. आधी विंगेटला नाव सांगून पाहा.