बाळाची पावले : बूट नंतर, निरीक्षण आधी

जबलपूर : शहरातील बडा फुहारा परिसरातील जुन्या बाजारपेठेत बारशाची खरेदी निघाली की चांदीचे वाळे, लोकरीचे मोजे आणि इवलेसे बूट हमखास पाहिले जातात. यांपैकी बुटांची गरज बाळ घराबाहेर स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंत नसते.

नवजात बालकाच्या पावलात पक्के हाड थोडे आणि मऊ कूर्चा अधिक असते. तळव्याखालील चरबीच्या गादीमुळे पाऊल सपाट दिसते. कमान पुढील काही वर्षांत आकार घेते. घरात अनवाणी वावरताना बोटे जमीन धरू लागतात व स्नायू बळकट होतात.

मोजे घालण्यापूर्वी उलटे करून आतील सुटे धागे कापावेत. प्रसूतीनंतर काही महिने मातेचे केस अधिक गळतात. असा एखादा केस वा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला गेल्यास रक्तप्रवाह अडतो, बोट सुजते आणि प्रसंगी ते गमावण्याची वेळ येते. बाळ कारण न कळता रडत असेल, तर मोजे काढून दहाही बोटे पाहावीत. वाळे घट्ट नसावेत. सैल घुंगरू तोंडात जाण्याचा धोका असतो, हेही खरेदीच्या उत्साहात विसरले जाते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र जन्मतःच व्हावी लागते. गर्भातील स्थितीमुळे किंचित वळलेले पाऊल हाताने हलकेच सरळ होते. जे आत व खाली वळलेले पाऊल ताठर राहते, ते ‘क्लबफूट’ असू शकते. साधारणतः हजारात एका बाळाला हा दोष असतो. तेलाने कितीही चोळले तरी तो जात नाही, आणि मालिशच्या भरवशावर गेलेले महिने उपचार अवघड करतात.

डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेली पद्धत आता जगभर वापरली जाते. पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू करून दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून नवे प्लास्टर घातले जाते. बहुधा पाच-सहा प्लास्टर पुरतात. अनेक बाळांना टाचेमागील कंडरेवर लहानसा छेद द्यावा लागतो. फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश असून, शासकीय रुग्णालयांत त्याचे उपचार मोफत मिळू शकतात.

खरी कसोटी प्लास्टर निघाल्यावर लागते. पट्टीने जोडलेले विशेष बूट पहिले तीन महिने दिवसातील 23 तास आणि नंतर वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले म्हणून पालक ते बंद करतात आणि दोष उलटण्याचे हेच प्रमुख कारण ठरते.