पायवाट सोडून चालताना

मी भातकुलीचा. आमच्याकडे सगळी सपाट काळी माती, पूर्णेचा खारपाणपट्टा. डोंगर पाहायचा तर उत्तरेला चिखलदऱ्याकडे जावं लागतं.

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं तिकडच्या एका गावातून पायवाट सोडून निघालो. "नाल्यानं उतरू नका बापा, सोंडेनं उतरा," असं गावातले काका बजावत होते. आम्ही पडलो इंजिनिअर! नाल्यानंच उतरलो. तासाभरात पायाखाली चाळीस-पन्नास फुटांचा कोरडा धबधबा. तसंच परत चढलो, पाणी संपलेलं.

कारण सोपं आहे. गाविलगडचे हे डोंगर बेसाल्टचे, लाव्ह्याचे थर एकावर एक. खालचा मऊ थर लवकर झिजतो, वरचा कठीण थर कडा होऊन उरतो. नाला त्या कड्यावरून उडी मारतो, आपल्याला ती जमत नाही. सोंड मात्र बहुधा टप्प्याटप्प्यानं उतरते, शिवाय तिथून आजूबाजूचं दिसतं.

मग मजा कशात? वाट नसली की सागाची पानगळ, गुरांच्या खुणा, उन्हाची दिशा सगळं वाचावं लागतं. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही!

मात्र मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं परवानगीशिवाय शिरायचं नाही. आधी हद्द विचारा, गावातला माणूस सोबत घ्या. आणि मित्रांनो, काकांचं ऐका!