अक्षरांमागचे अंक

वाचकहो, बालपणी पाटीवर गिरवलेली ‘क’ ते ‘म’ ही अक्षरे आज पुन्हा लिहून पाहा. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. त्यांना १ ते २५ क्रमांक द्या. आता ही मालिका पाहा : क, ग, च, ञ, ? क्रमांक होतात १, ३, ६, १०. त्यांतील अंतर २, ३, ४ असे वाढत जाते. म्हणून पुढे ५ मिळवावेत. पंधरावे अक्षर ‘ण’, हेच उत्तर.

अशा कोड्यात लक्ष, स्मरण आणि तर्क यांना एकत्र राबावे लागते. मात्र कोडे म्हणजे विस्मरणावरील औषध नव्हे. नेहमीचा रस्ता चुकणे, साधा हिशेब न जमणे असे वारंवार घडू लागल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी परीक्षक होऊ नये. शेजारी बसावे, तक्ता समोर ठेवावा, उत्तराची घाई करू नये. अवघड वाटल्यास क, ग, ङ, छ अशी एकेक अक्षर गाळणारी मालिका द्यावी. पुढचे अक्षर ‘झ’.

जाता जाता एक कोडे : क, घ, झ, त, ? उत्तर तक्त्याच्या अखेरच्या घरात आहे. कारण मात्र आपणच शोधावे.