वीज गेल्यावर फिश टँकचे पाणी हॉलमध्ये का येते? पाइप जोडण्याआधी हे वाचा

फिश टँक फुटला नाही, तरी हॉलमध्ये पाणी साचू शकते. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, ती वेगळीच. कारण बहुतेकदा एकच असते: वीज गेली आणि पंप थांबला.

नेमके काय होते?
मोठ्या टँकखाली कॅबिनेटमध्ये फिल्टरची दुसरी टाकी असते; तिला संप म्हणतात. वरचे पाणी ओव्हरफ्लो पाइपने संपमध्ये उतरते, पंप ते परत वर चढवतो. पंप थांबला तरी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचे पाणी खाली येतेच. शिवाय पंपाच्या पाइपचे तोंड टँकमध्ये खोलवर असेल, तर सायफनमुळे त्यातूनही पाणी उलटे उतरत राहते.

किती पाणी येते?
टँक 4 फूट लांब आणि दीड फूट रुंद असेल, तर 1 इंच पातळी म्हणजे सुमारे 14 लिटर. 3 इंच उतरले तर 42 लिटर. एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी.

काय काळजी घ्यावी?
- पंपाच्या पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवा. तिथे हवा शिरली की सायफन तुटतो.
- ओव्हरफ्लोला एक जादा पाइप द्या. पहिला पानांनी किंवा गोगलगायीने तुंबला तर तो उपयोगी पडतो.
- टफन्ड काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ती तडकते. छिद्रांच्या जागा आधीच ठरवा.

मासे सोडण्याआधी टँक भरून पंपाचा स्विच मुद्दाम बंद करा. संप ओसंडला नाही, तरच जोडणी बरोबर.