सूर शाबूत, फ्लॉपी गारद

एन्सॉनिक मिराज चालू केला आणि त्याच्या फटीत फ्लॉपी घातली नाही, तर त्यातून ब्रसुद्धा निघत नाही. ६१ पट्ट्या जागच्या जागी असतात, वीज खेळत असते, आवाज घडवणारी चिपही धडधाकट असते; पण पट्टी दाबली की ऐकू येतो तो नुसता प्लास्टिकचा टकटकाट. १९८०च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या या अमेरिकी सॅम्पलर कीबोर्डला वीज बंद होताच सगळ्याचा विसर पडतो. पट्टी दाबल्यावर काय करायचं हे सांगणारी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा साडेतीन इंची फ्लॉपीवर असते आणि दर वेळी चालू करताना ती नव्याने वाचावी लागते. त्यामुळे फ्लॉपी ड्राइव्ह आजारी पडला, की अख्खं वाद्य मुकं होतं.

ही वाद्यं आता चाळिशीत आली आहेत आणि त्यांचे ड्राइव्ह एकामागून एक माना टाकू लागले आहेत.

सॅम्पलर म्हणजे खऱ्या आवाजाचा छोटा तुकडा आकड्यांच्या रूपात साठवून तो वेगवेगळ्या सुरांत वाजवणारं यंत्र. वरची पट्टी दाबली की तुकडा भरभर वाचला जातो आणि सूर चढतो. खालची दाबली की सावकाश वाचला जातो आणि सूर उतरतो. आज फोनमधलं फुकट ॲप हे करतं. पण १९७९ मध्ये सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय बाजारात आणला, तेव्हा तो परवडणारे संगीतकार बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याच्या फ्लॉप्या होत्या आठ इंची. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने एम्युलेटर काढला आणि पहिला नग स्टीव्ही वंडरकडे गेला. १९८४ चा एम्युलेटर टू सव्वापाच इंची फ्लॉपीवर चाले आणि त्याची किंमत होती सुमारे आठ हजार डॉलर. पीटर गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ या १९८६ च्या गाण्याच्या सुरुवातीला जी जपानी शाकुहाची बासरी ऐकू येते, ती एम्युलेटर टूसोबत मिळणाऱ्या डिस्कवरचीच. जगभर गाजलेला हा आवाज मुळात कंपनीच्या फ्लॉपीवरून आला होता.

मिराज आला तो १,६९५ डॉलरना. एन्सॉनिकच्या संस्थापकांपैकी बॉब यानेस हा त्याआधी कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची ध्वनिचिप घडवणारा माणूस. त्याने मिराजसाठी बनवलेली चिप पुढे १९८६ च्या ॲपल टूजीएस संगणकातही बसली. आठ बिटांचा खरखरीत आवाज, दोनच आकडे दाखवणारा डिस्प्ले, वापरायला किचकट. पण किंमत आवाक्यातली. जॅनेट जॅक्सनच्या तेव्हाच्या रेकॉर्डवर जिमी जॅम आणि टेरी लुइस या निर्माता-जोडीने तो मनसोक्त वापरला.

स्वस्ताईचं रहस्य काटकसरीत होतं. मिराजमध्ये ध्वनीसाठी स्मृती होती एकूण १२८ किलोबाइट, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागाला ६४ आणि उजव्याला ६४. सेकंदाला तीस हजार नमुने घेतले, तर ६४ किलोबाइटमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावतो. फ्लॉपीवर असे तीन डावे आणि तीन उजवे संच बसत आणि उरलेल्या जागेत ऑपरेटिंग सिस्टिम. एन्सॉनिकने डिस्कवर माहिती मांडायची पद्धतही स्वतःची ठरवली. प्रत्येक वर्तुळाकार ट्रॅकवर १,०२४ बाइटचे पाच कप्पे आणि ५१२ बाइटचा एक लहान कप्पा, असे ८० ट्रॅक, तेही एकाच बाजूला. गुणाकार केला की ४४० किलोबाइट होतात. जागा पुरेपूर वापरायची ही युक्ती हुशारीची होती; मात्र विंडोजच्या कॉम्प्युटरात अशी डिस्क घातली, तर ती फॉरमॅट करायची आहे का, एवढंच तो विचारतो.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला खिशात फ्लॉपी घालून जाणाऱ्या पिढीला तिचे नखरे नव्याने सांगायला नकोत. काल चाललेली फ्लॉपी आज ‘रीड एरर’ देते, याचा अनुभव नसलेला त्या काळचा विद्यार्थी विरळा. तरी बिघाड नेमका कुठे होतो, ते ड्राइव्ह उघडल्यावरच कळतं.

चार स्क्रू काढून वरचा पत्रा उचलला की दिसते एक मोटर डिस्क फिरवणारी, मिनिटाला ३०० फेरे. दुसरी मोटर हेडला ट्रॅकवरून ट्रॅकवर ढकलणारी. ती ज्या बारीक आट्यांच्या दांड्यावर चालते, त्यावरचं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं. हेड मग अडखळतं आणि पोचायचं त्या ट्रॅकच्या अलीकडेच थांबतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हेडवरून फिरवला, तर त्यावर तपकिरी डाग उमटतो. हा डिस्कवरून खरवडून निघालेला चुंबकीय थर. दोन्ही बाजू वाचणाऱ्या ड्राइव्हचं वरचं हेड पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर तरंगत असतं. साफ करताना ते जरा जास्त उचललं गेलं, की ड्राइव्ह कायमचा कामातून गेला. सर्किटवरचे जुने कपॅसिटर पाझरून तांब्याच्या रेषा खातात, तो आणखी वेगळा ताप. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी चढलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फ्लॉपीचंही तेच होतं हे सांगायला नको. अशी एक बुरसटलेली डिस्क घातली, की तिची घाण हेडला लागते आणि पाठोपाठ घातलेल्या चांगल्या डिस्कवर ओरखडे उठतात.

काही यंत्रांची कथा याहून केविलवाणी आहे. अकाई एक्स ७००० आणि रोलंड एस-१० या दोन्ही १९८६ च्या कीबोर्डांत नेहमीची फ्लॉपी नव्हतीच, होती २.८ इंची ‘क्विक डिस्क’. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिममध्येही याच घराण्यातली डिस्क होती. क्विक डिस्कवर एकच सर्पिल रेघ असते आणि हेड ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचतं. ही यांत्रिक हालचाल एका रबरी पट्ट्यावर अवलंबून. रबर म्हातारं होताना आधी सैल पडतं आणि शेवटी त्याचा अक्षरशः काळा चिकट डांबरासारखा लगदा होतो. दुरुस्ती म्हणजे काडीने तो लगदा खरवडून काढणं, पुल्या अल्कोहोलने पुसणं आणि नवा पट्टा चढवणं. पट्टा काही रुपयांचा, पुसापुशीत मात्र अख्खी दुपार जाते.

मग नवा ड्राइव्ह का आणू नये? जुन्या पीसीतला फ्लॉपी ड्राइव्ह भंगारात सहज मिळतो, ३४ पिनांची पट्टेदार केबलही तशीच दिसते. पण तो सरळ जोडला तर बहुतेक वेळा चालत नाही. पीसीतले ड्राइव्ह कारखान्यातूनच दुसऱ्या क्रमांकाचे ठरवलेले असतात, तर सॅम्पलर पहिल्या क्रमांकाला हाक मारतो. ३४ व्या पिनवर पीसीचा ड्राइव्ह ‘डिस्क बदलली’ असा निरोप धाडतो. अनेक जुन्या सॅम्पलरना तिथे ‘मी तयार आहे’ हा निरोप हवा असतो. तो आलाच नाही, की यंत्र वाट पाहत बसतं. जाणकार कारागीर जम्पर बदलून किंवा एखादी तार डागून हे जमवतात. तरी डिस्कचं काय? सोनीने जपानमधली साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. आज विकल्या जातात त्या उरल्यासुरल्या साठ्यातल्या. त्यातही १.४४ मेगाबाइटवाल्याच जास्त, आणि जुन्या सॅम्पलरना हव्या असतात निम्म्या घनतेच्या. कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावून काम भागतं. पण चुंबकीय थर निराळा असल्याने भरवसा ठेवता येत नाही.

बऱ्याच जणांनी म्हणून फिरणारी चकती हा प्रकारच मोडीत काढला आहे. गोटेक नावाचा चिनी बनावटीचा छोटा डबा फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराचा असतो, पण त्याच्या तोंडाशी फटीऐवजी यूएसबीचं भोक असतं. हा डबा संगीतकारांसाठी बनलाच नव्हता. भरतकामाची संगणकीय यंत्रं, सीएनसी लेथ अशा फ्लॉपीवर चालणाऱ्या कारखानी यंत्रांना पेन ड्राइव्ह जोडता यावा, हा त्याचा मूळ उद्देश. नंतर फ्लॅशफ्लॉपी नावाचं मोफत फर्मवेअर आलं आणि या डब्याचा नूर पालटला. पेन ड्राइव्हवर प्रत्येक फ्लॉपीची एक फाइल ठेवायची. सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये यजमान यंत्र कोणाचं ते लिहायचं, एन्सॉनिक, अकाई की कॅसिओ, की डबा त्या यंत्राच्या पद्धतीचे कप्पे मांडून देतो. सॅम्पलरच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं. तो जुन्याच तारांवरून हेड पुढे सरकव म्हणतो आणि पलीकडून तेच विजेचे ठोके परत येतात.

एचएक्ससी ही या क्षेत्रातली आधीची, फ्रान्समध्ये जन्मलेली युक्ती. एम्युलेटर टूवाल्यांचा मोठा आधार तीच. कारण ई-म्यूने डिस्कवर बिट लिहायची जी तऱ्हा वापरली, ती बाकी जगापेक्षा इतकी निराळी आहे, की एचएक्ससीच्या फाइल-प्रकारात तिच्यासाठी स्वतंत्र खूण ठेवावी लागली.

शुद्धतावाद्यांना हे मानवत नाही. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या भागावर रोखलेला आहे. मिराजचा आवाज मिराजसारखा वाटतो तो आठ बिटांच्या आकड्यांचं विजेत रूपांतर करणाऱ्या सर्किटमुळे आणि त्यापुढच्या कर्टिस कंपनीच्या ॲनालॉग फिल्टरमुळे. एम्युलेटर टूच्या उबदार आवाजामागेही एसएसएम चिपचे फिल्टर आहेत. ड्राइव्ह फक्त आकडे आणून देतो. फ्लॉपीवरून आलेला शून्य आणि पेन ड्राइव्हवरून आलेला शून्य यांत फरक नसतो. फिल्टरची चिप बदलायची वेळ आली तर हात थरथरावा, ड्राइव्ह बदलताना नको. पेटी कापायची मात्र नाही. यूएसबीच्या भोकासाठी दर्शनी पत्र्यावर करवत चालवलेले कीबोर्ड पाहिले की वाईट वाटतं. मूळच्या स्क्रूंवर बसणारे कंस मिळतात, ते वापरले तर यंत्र उद्या पुन्हा होतं तसं करता येतं.

राहता राहिला तो जुना कटकट-घर्र आवाज. फ्लॅशफ्लॉपीवाल्यांनी त्याचीही सोय केली आहे. डब्याला बारीक स्पीकर जोडला, की हेड सरकल्यागत टकटक ऐकू येते आणि तिचा आवाज कमी-जास्त करता येतो.

हार्ड डिस्क असलेल्या सॅम्पलरचं दुखणं वेगळं. १९८७ च्या एम्युलेटर थ्रीसारख्या बड्या यंत्रांत स्कझी जोडणीची हार्ड डिस्क आतच असे, तीही काही डझन मेगाबाइटची. इतकी वर्षं बंद पडून राहिल्यावर हेड चकतीला चिकटून बसतं आणि मोटर फिरायचं नाव घेत नाही. काही डिस्कमध्ये हेडला थोपवणारा रबरी तुकडा वितळून हेडच धरून ठेवतो. इथे गोटेकचं काम करतात स्कझी-टू-एसडी, ब्लूस्कझी, झुलूस्कझी ही छोटी सर्किटं. साठवण कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डवर. जोडणीच्या साखळीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. हे चुकलं तर कार्ड कितीही महाग असो, सॅम्पलरला ते दिसत नाही.

फ्लॉपीला चिकटून बसलेले फक्त संगीतवालेच, असं समजायचं कारण नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संदेशयंत्रणेतून आठ इंची फ्लॉपी गेली ती २०१९ मध्ये. जपानच्या सरकारने फ्लॉपीवर कागदपत्रं मागणारे नियम संपवल्याचं तिथल्या डिजिटल मंत्र्यांनी जाहीर केलं २०२४ च्या जुलैत.

ड्राइव्ह बदलण्याच्या उत्साहात एक काम हमखास मागे पडतं. कारखान्यातून आलेल्या डिस्कच्या प्रती बहुधा कुठे ना कुठे मिळतात. पण मालकाने स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आवाज, लेबलवर बॉलपेनने नाव लिहिलेले, ते एकाच फ्लॉपीवर असतात. ते वाचायला ग्रीजवीझल नावाचं स्वस्त सर्किट वापरतात. ते कप्पे, फाइल असल्या भानगडीत पडत नाही. डिस्कवरच्या चुंबकत्वाचा प्रत्येक बदल जसाच्या तसा टिपून संगणकाकडे देतं आणि अर्थ लावण्याचं काम नंतरवर टाकतं. एखादा ट्रॅक पहिल्या खेपेला दगा देतो, हेड पुसून तिसऱ्या-चौथ्या खेपेला निघतो. त्यातही एक मेख आहे. वर्षानुवर्षांत ज्या ड्राइव्हचं हेड आपल्या जागेवरून हळूहळू सरकलं, त्याने लिहिलेल्या डिस्कसुद्धा तितक्याच सरकलेल्या असतात. बाकीच्या जगाला त्या कोऱ्या किंवा खराब वाटतात आणि तो एक खिळखिळा ड्राइव्ह त्या बिनतक्रार वाचतो. त्यामुळे अनुभवी दुरुस्तीवाले सॅम्पलरमधून काढलेला ड्राइव्ह भंगारात टाकत नाहीत. आधी साफ करतात, ग्रीस लावतात, त्यालाच ग्रीजवीझल जोडतात आणि मालकाच्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून त्यात घालतात. गोटेकचा डबा तोवर टेबलावर पडून असतो.