देवधर, दिनकर बळवंत
(१४ जानेवारी १८९२–२४ ऑगस्ट १९९३). विख्यात महाराष्ट्रीय क्रिकेटपटू व संघनायक. जन्म व मृत्यू पुणे येथे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. १९११ मध्ये हिंदू संघातर्फे त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९२६ मध्ये गिलिगनच्या एम्. सी. सी. संघाविरुद्ध मुंबई येथे अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या. या दौऱ्यातील भारतीयांचा खेळ पाहून गिलिगनने मध्यवर्ती क्रिकेट मंडळ स्थापण्यास उत्तेजन दिले व १९२८ मध्ये ते स्थापन झाले. तथापि भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्‌स येथे झाला, तेव्हा देवधरांचे वय ४० होते. त्या संघात त्यांचा समावेश झाला नाही व पुढेही कसोटी सामना खेळण्याची संधी त्यांना लाभली नाही.

त्यांची उत्तरायुष्यातील कामगिरीच अधिक संस्मरणीय ठरली. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. विजय हजारे या संघातूनच पुढे आले. १९४०–४१ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकाविली. ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४,५२२ धावा काढल्या. १९७३–७४ मध्ये सुरू झालेल्या आंतरविभागीय मर्यादित षटकांच्या स्पर्धेच्या करंडकास त्यांचे नाव देण्यात आले. पद्मश्री (१९६५) व पद्मभूषण (१९९१) या किताबांनी भारत सरकारने त्यांचा गौरव केला.